तीन खुणांचं इंजिन

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी चैत्रात माझ्या लेकीच्या सासऱ्याला राणीसावरगावच्या वाटेवर माझ्या जीपमधून उतरून पायी चालावं लागलं.

नातवाचं जावळ होतं. मामाच्या मांडीवर बसवून काढायचं म्हणून लेकीकडची सगळी माणसं चुडाव्याहून रेल्वेने गंगाखेडला आली. मी जीप घेऊन स्टेशनावर उभा. अकरा माणसं, दोन पिशव्या, एक पाळणा. तीस वर्षं त्याच रस्त्यावर सवारी मारलेली, त्यामुळे अकरा माणसांचं मला काही वाटलं नाही. पण चढाच्या मध्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये बसली ती बसलीच. मी दगड लावायला सांगितला, पाणी ओतलं, पुन्हा मारली. हलली नाही. मग बायकामाणसं उतरली, पोरं उतरली, आणि शेवटी इवाई उतरले. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. मुलाकडचा इवाई म्हणजे ज्याच्यापुढे आपण ताट धरून उभं राहायचं तो माणूस. तो इस्त्रीचं धोतर एका हातात धरून उन्हात चढ चढायला लागला आणि मी रिकामी गाडी घेऊन त्याच्या शेजारून वर गेलो.

वर पोचल्यावर त्यांनी घाम पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "इवाई, आमी जेवायला आलतो का चढ चढायला?"

सगळे हसले. मी पण हसलो. पंगतीत पुन्हा म्हणाले, "वाढा अजून, लाजू नका. आमाला परत जाताना उतार हाय म्हणा, पण गाडी ढकलायला लागली तर अंगात ताकद पायजे."

ते वाईट माणूस नाहीत. पण ते हसणं माझ्या अंगाला चिकटून राहिलं.

त्या जीपबद्दल सांगायला पाहिजे. मी चौथी शिकलेला. गाडी कुठे शिकलो नाही, उघडून उघडून शिकलो. तिचं इंजिन मी स्वतः तीनदा खाली उतरवलं, तीनदा भरलं, म्हणजे झिजलेलं बदलून पुन्हा बांधलं. स्टार्टरच्या मागे, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे छिन्नीने तीन खुणा मारून ठेवल्या होत्या, एका भरण्याला एक. ही सवय माझ्या वडिलांची. ते बैलाच्या कानाच्या आतल्या बाजूला बारीक खूण करायचे, चोरीला गेला तर भर बाजारात ओळखता यावा म्हणून. ऑइल बघायच्या काडीला माझ्या बायकोने तिच्या लुगड्याच्या लाल काठाचा तुकडा बांधलेला होता, हात घसरू नये म्हणून. आणि कान तर असा होता, की स्टँडवर पोरं चहाची पैज लावायची. पाठ करून बसायचं आणि वळणावरून कुणाची जीप येतेय ते आवाजावरून सांगायचं. मी कधी हरलो नाही. माझी तर दोन शेतं पलीकडून ओळखायचो.

मुलगा औरंगाबादला कंपनीत आहे. आता शहराचं नाव बदललंय, मी जुनंच म्हणतो. तो म्हणाला, "बाबा, विका आता. नवी घेऊ." मी म्हणालो, "बैल थकला म्हणून मालक बदलतो का?" तो म्हणाला, "मालक बदलत न्हाई, बैल बदलतो." मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच फोन करून सांगितलं, की तिकडे गाड्यांच्या इंजिनाची ताकद वाढवून देणारी दुकानं आहेत, परफॉर्मन्स शॉप म्हणतात, श्रीमंतांची पोरं जातात. दाखवून तरी बघू. मी जीप घेऊन निघालो. सपाटीला तिला काही होत नव्हतं.

पहिल्या दुकानाला काचेचा दरवाजा होता. आत फरशी अशी की मी चपला बाहेर काढल्या. एक पोरगेला माणूस मांडीवर ठेवायचा कॉम्प्युटर घेऊन वायर हातात धरून आला आणि माझ्या जीपमध्ये ती खुपसायला भोक शोधायला लागला. वाकला, आडवा झाला, मोबाइलची बॅटरी लावली.

"काका, तुमच्या गाडीत कॉम्प्युटरच नाही."

"माझ्या डोक्यात हाय. तिथं लाव वायर."

तो हसला नाही. मग त्याने इंजिन चालू करायला लावलं, धूर बघितला, ऑइलच्या टोपणावर हात धरून बघितला आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "काका, याच्यावर ताकद चढवायला आता जागा नाही. हे झिजलंय. आहे तसं सावकाश चालवा. आम्ही घेतलं तर तुमचं नुकसान होईल."

खुर्ची दिली नाही, पाणी विचारलं नाही, आणि माझ्या इंजिनाला झिजलेलं म्हणाला. मी चपला घातल्या. खरं बोलणारा माणूस त्या शहरात मला तेवढा एकच भेटला आणि मी त्याच्याकडे पाठ केली, हे मला आज लिहावं लागतंय.

दुसरं दुकान पत्र्याच्या शेडचं होतं. मालक तिशीतला, दंडावर वाघ गोंदवलेला. त्याने आधी खुर्ची दिली, मग चहा सांगितला, मला काका नाही तर बाबा म्हणाला. मग जीपपाशी गेला, बोनेटवर हात ठेवला आणि डोळे मिटून आवाज ऐकत उभा राहिला. चांगला वेळ ऐकला.

"बाबा, ह्या इंजिनात जीव आहे. कुणी भरलंय?"

"मीच."

"वाटलंच मला. असा हात आता राहिला नाही. आमच्या मिस्त्रींना दाखवतो हे, थांबा."

आणि खरंच दोन मिस्त्री बोलावून त्यांना सांगितलं, की हे उस्ताद आहेत, यांच्याकडून शिका. मुलगा माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

टर्बो बसवायचा ठरला. म्हणजे हवा जोरात कोंडून इंजिनात घालायची, की त्याच इंजिनाला दीडपट दम येतो. मी एकच अट घातली. आमच्या बाजारात बैल विकला तरी त्याचं दावं कुणी देत नाही. जनावर जातं, दोर घरी येतो. तसं माझ्या इंजिनातून जे जे काढाल, नट असो की वायसर, ते पोत्यात भरून मला परत द्यायचं. तो म्हणाला, "बाबा, शब्द." मी त्याच्या हातात हात दिला. पैशांचं मी लिहीत नाही. ते गेले त्याचं मला एवढं काही नाही.

मी म्हणालो, काम चालेल तेवढे दिवस मी शेजारी बसतो. तर म्हणे गिऱ्हाइकाला आत बसायला परवानगी नाही, विम्याचा प्रश्न येतो. मी तीन दिवस समोरच्या टपरीवर बसलो. शेडचं शटर अर्धं खाली असायचं. मला फक्त पाय दिसायचे. चौथ्या दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, लोक बघायलेत." मी गावी आलो.

मग पाऊसकाळ सगळा फोनवर गेला.

"बाबा, टर्बो दिल्लीहून निघालाय."

आठ दिवसांनी, "बाबा, नागपूरला आलाय."

अजून पंधरा दिवसांनी, "जालन्याजवळ आहे बघा."

मी म्हणालो, "पायी यायलाय का?"

तो खूप हसला. त्याला मी बोललेलं सगळं आवडायचं. हसून झालं की म्हणायचा, दोन दिवसांत करून देतो. माझ्या सवाऱ्या दुसऱ्या जीपवाल्यांनी धरल्या. मी तरी रोज सकाळी स्टँडवर जाऊन बसायचो, गाडी नसताना. ते विचारायचे, "तात्या, म्हातारी माहेरून आली का न्हाई?" मी म्हणायचो, "येईल तवा तुमच्या पोरींना लाजवील."

दसऱ्यानंतर गाडी तयार झाल्याचा फोन आला.

मी गेलो तेव्हा जीप शेडच्या बाहेर उभी होती, धुतलेली. मालकाने एक जाड पोतं आणून मागे ठेवलं, तोंड तारेने शिवलेलं. "बाबा, तुमचं दावं," म्हणाला. मला बरं वाटलं, की लक्षात ठेवलं.

मुलगा म्हणाला, "बाबा, बोनेट उघडून बघा की एकदा."

आता इथे मी जे केलं ते आमच्याच माणसाने करावं असं आहे. बैलबाजारात दात मोजायचे, पाय बघायचे, गाडीला जुंपून बघायचं, सगळं सौद्याच्या आधी. एकदा हातात हात दिला, की पुन्हा जनावराच्या तोंडाकडे बघायचं नाही. बघितलं तर त्याचा अर्थ समोरच्याला चोर म्हणाला असा होतो, आणि माझ्या वडिलांनी तेवढ्यावरून भांडणं झालेली बघितली होती. मी मुलाला त्या लोकांसमोर म्हणालो, "हातात हात दिलाय मी. तुला तुझ्या बापाचा हात कळतो का न्हाई?" त्याने मान खाली घातली. मालक म्हणाला, "राहू द्या बाबा, लहान आहे." बेचाळीस वर्षांचा माझा मुलगा. मालकाने एका छापील कागदावर सही मागितली, काम पसंत आहे म्हणून. मी केली. पोतं उघडलं नाही, बोनेट उघडलं नाही, बसलो आणि निघालो.

गाडी पळाली हे खरं आहे. पायाखाली काहीतरी वेगळंच होतं. शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा आणि मागून कुणी ढकलल्यासारखी पुढे जायची. गावी आल्यावर सकाळी बोनेट उघडलं. सगळं इंजिन चांदीच्या रंगाने रंगवलेलं, नवीन पाइप इकडून तिकडे. इंजिनावरचा नंबर बघितला, नंबर तोच. आकड्यांच्या कडा जरा धारदार वाटल्या. ऑइलची काडी नवी होती, लाल काठ नव्हता. मी फोन केला तर म्हणाला, जुनी वाकली होती बाबा, नवी टाकली. मी म्हणालो, बरं.

मला दिसत नव्हतं असं नाही. पण मी रंगाकडे बघत होतो.

दिवाळीला इवायांना मुद्दाम बोलावलं. मुद्दाम गंगाखेडच्या स्टेशनवर गेलो, मुद्दाम त्यांना पुढे माझ्या शेजारी बसवलं आणि मागे अकराच्या जागी तेरा माणसं घेतली. चढाखाली आल्यावर ते म्हणाले, "उतरायचं कुठं ते आधी सांगा, चपला पायात घालायच्यात." मी पाय दाबला. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी वर नेली. मध्यावर, जिथे दगड लावला होता, तिथे मी एक हात सोडून कानाची पाळी खाजवली.

वर आल्यावर ते म्हणाले, "मानलं, इवाई. नवं इंजिन टाकलं का?"

"छे. तेच हाय. आवाज ऐका की. तीस वर्सं ऐकायलो मी हा आवाज. निस्ता दम वाढवून घेतलाय."

त्यांनी ऐकलं. मान हलवली. चुडाव्याला जाऊन त्यांनी चार लोकांत सांगितलं, की आमच्या इवायाने जुन्या इंजिनाला तरणं केलं, माणूस चौथी शिकलेला पण हात सोन्याचा. लेकीने फोनवर सांगितलं. स्टँडवर मी रोज कुणाला तरी ऐकवायचो. ऐक, तेच हाय. महिनाभर हे चाललं.

मार्गशीर्षात एका सकाळी स्टार्टर नुसता घुरघुरायला लागला. मोठं काम नव्हतं. मी आडवा पडून स्टार्टर काढला, फडक्याने मागची जागा पुसली आणि सवयीने बोट फिरवलं.

गुळगुळीत.

मी बॅटरी मागून घेतली. रंग खरवडला. पुन्हा बोट फिरवलं. तीन खुणा नव्हत्या. कधी नव्हत्याच. मी तसाच खाली पडून राहिलो. वर ते सगळं लोखंड होतं, आणि त्यातला एक तुकडाही माझ्या ओळखीचा नव्हता.

उठलो आणि गोठ्यातल्या पोत्याची तार कापली. आत ब्रेकचे झिजलेले शू, मोटरसायकलची चेन, कुठल्या तरी छोट्या गाडीची फुटलेली क्लचप्लेट. वजन भरेल एवढं भंगार. माझ्या जीपचा एक नट नाही.

बायको दारात उभी होती. "काय झालं?" म्हणाली. मी म्हणालो, "स्टार्टर बिघडला."

स्टार्टर बसवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने औरंगाबादला गेलो. मुलाला कळवलं नाही. शेडमध्ये मालक चहा पीत बसला होता. उठून खुर्ची दिली. मी बसलो नाही.

"माझं इंजिन कुठाय?"

"बाबा, गाडीत. हे काय विचारणं?"

"माझ्या इंजिनाला स्टार्टरमागं तीन खुणा हायत."

त्याने शटरकडे बघितलं. मग चहाचा कप खाली ठेवला आणि पहिल्यांदाच हसल्याशिवाय बोलला. "खरं सांगू का? उघडलं तेव्हा ब्लॉकला तडा होता. टर्बो लावला असता तर आठ दिवसांत फुटलं असतं. एका अपघातातल्या गाडीचं टर्बोवालंच इंजिन मिळालं, ते बसवलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

मी ऐकलं नसतं.

"नंबर कुणी ठोकला?"

"तुमच्या पासिंगला त्रास नको म्हणून. बाबा, चढ चढते ना गाडी? तुम्हाला चढच चढायचा होता ना?"

"मला माझ्या इंजिनानं चढायचा होता."

"मग घेताना बघून घ्यायचं होतं. मुलगा म्हणत होता तुमचा. मी तर काही अडवलं नव्हतं." ड्रॉवरमधून त्याने माझ्या सहीचा कागद काढला नाही, नुसता ड्रॉवरवर हात ठेवला.

मागे एक मिस्त्री चाकाचे नट सैल करत होता. तो मान वर न करता दुसऱ्याला म्हणाला, "हरलास ना पैज? उस्तादाला ओळखायला महिना लागला."

एवढं ऐकून मी काय केलं असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. मी काही केलं नाही. मारायला हात उचलायचा तर कुणावर? त्याने फसवलं, ते खरं. तडा खरंच होता की नव्हता हे मला मरेपर्यंत कळणार नाही. पण महिनाभर रोज ते परकं इंजिन माझ्या कानाखाली चाललं होतं आणि मी बोट वर करून लोकांना म्हणत होतो, ऐका, तेच हाय. ते काही त्याने माझ्याकडून म्हणवून घेतलं नव्हतं.

"जुनं कुठं टाकलं?" मी विचारलं.

"भंगारात गेलं, बाबा. पावसाळ्यातच. फोडून नेलं त्यांनी." मग त्याला काही आठवलं. भिंतीवरच्या खिळ्यावरून पान्यांच्या मागे अडकवलेली एक काडी काढून त्याने माझ्यापुढे धरली. "हे राहिलंय बघा. लाल फडकं बांधलेलं, कुणाचं तरी नवसाचं असेल म्हणून पोरांनी फेकलं नाही."

ऑइलची काडी. वाकलेली अजिबात नव्हती.

मी ती घेतली आणि बाहेर पडलो. एसटीत खिडकीपाशी मांडीवर धरून बसलो. परभणी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. बाजारात दावं ज्याच्या हातात राहतं, तो विकणारा असतो. मी माझ्याच तोंडाने अट घातली होती, की दावं मला परत द्या. दिलं त्याने.

मुलाला मी पुढे सांगितलं. तो "बरं" एवढंच म्हणाला, आणि त्याने मला काहीतरी बोलायला पाहिजे होतं असं मला अजून वाटतं. बाकी सगळ्यांना आजपर्यंत मी एकच सांगत आलो, की जुनं मी विकून टाकलं. इथे पहिल्यांदा लिहितोय.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो, जेवलो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतल्याबरोबर मी चुडाव्याला फोन लावला.

"इवाई, दिवाळीला मी तुमाला म्हणलो, इंजिन तेच हाय. ते तेच न्हवतं. जुनं विकलं मी. हे दुसरं हाय."

तिकडून चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. "मग? त्यात काय एवढं? चढ चढली ना गाडी?"

"चढली."

"झालं तर मग. ठेवा आता, मला शेतात जायचंय."

मी फोन बायकोच्या हातात दिला आणि गोठ्यात गेलो. तिथे खुंटीवर सहा दावी लटकलेली आहेत, वडिलांच्या आणि माझ्या हातून विकल्या गेलेल्या सहा बैलांची. मी काडी पुसली, लाल काठाची गाठ घट्ट केली आणि ती त्यांच्या शेजारी अडकवली.